दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर आणि काळ

दोन शहरांमधील अंतर किती, या प्रश्नाचे उत्तर एकच असावे, असे सामान्यतः मानले जाते. शेजारच्या गावांपुरते ते खरेही आहे. परंतु दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांसारखी दूरवरची शहरे घेतली, की हाच प्रश्न अवघड होऊन बसतो.

पॅसिफिक महासागर मध्यभागी दाखविणाऱ्या सपाट नकाशावर पट्टीने या शहरांना जोडणारी रेघ ओढली, तर ती पूर्वेकडे चीन आणि महासागर ओलांडून जाते. त्या रेघेने होणारा प्रवास जवळजवळ १५,००० किलोमीटरांचा आहे. पण पृथ्वी सपाट नाही. पृथ्वीच्या गोलावर हीच दोन ठिकाणे दोऱ्याने ताणून जोडली, तर दोरा उत्तरेकडे वळतो. हिमालय आणि सायबेरिया ओलांडून तो आर्क्टिक महासागरात ७५ अक्षांशाच्याही वर जातो व अलास्कावरून खाली उतरतो. अशा मार्गास बृहद्वृत्त म्हणतात. पृथ्वीच्या केंद्राशी त्याचा कोन १११ अंशांहून किंचित अधिक भरतो, आणि दर अंशाला सुमारे १११ किलोमीटर पडतात. म्हणजे अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर झाले.

तथापि, विमान या दोऱ्यावरून जाईलच असे नाही. विमानातील हवेचा दाब अकस्मात घटला, तर वैमानिकाला त्वरेने सुमारे ३,००० मीटर उंचीपर्यंत खाली यावे लागते. तिबेटचे पठार मुळातच ४,००० मीटरांहून उंच आहे. तेथे उतरण्यास जागा कोठून मिळणार?

दुसरा विचार वाऱ्याचा. मध्य अक्षांशांत, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे प्रबळ झोतवारे वाहतात. एअर इंडियाची विमाने पूर्वी अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटर जात, तीही वाऱ्याला तोंड देत. ऑक्टोबर २०१६ मध्ये हा मार्ग बदलून पॅसिफिकवरून नेण्यात आला. अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर झाले. पण वारा पाठीशी असल्याने विमान साडेचौदा तासांत पोहोचले. वाट १,४०० किलोमीटरांनी वाढली आणि वेळ सुमारे दोन तासांनी वाचला.

घड्याळावर विसंबावे, तर तेही चकविते. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोची वेळ दिल्लीच्या साडेतेरा तास मागे असते. पहाटे चार वाजता निघून साडेचौदा तास उडालेला प्रवासी तेथे त्याच तारखेस पहाटे पाच वाजता उतरेल. जणू सारा प्रवास एका तासाचा!

तात्पर्य, दोरा पृथ्वीचे माप सांगतो, प्रवासाचे नव्हे. प्रवासाचे माप ठरविण्यात पर्वतांचा आणि वाऱ्यांचाही वाटा असतो. आणि सर्वांत जवळची वाट ही सर्वांत लवकर पोहोचविणारी वाट असेलच, असे नाही.