जात्यावर बसलं की...

गंगाखेडकडच्या माझ्या आजीला मी एकदा वही-पेन घेऊन ओव्या सांगायला बसवलं. दोन झाल्या, तिसरीला ती अडली. काही केल्या पुढची ओळ येईना. "खुंट्याला हात लागल्याबिगर कशी यील बाबा ओवी?" म्हणाली. मग पडवीतलं जातं झाडलं, मूठभर ज्वारी वैरली आणि खुंटा फिरू लागला तशी ओवीमागून ओवी आली. माझं लिहिणं मागं पडलं. 'जात्यावर बसलं की ओवी सुचते' ही म्हण तोवर मी नुसती वाचली होती.

परभणी जिल्ह्याला हे नवं नाही. संत जनाबाईचं जन्मगाव गंगाखेड, आणि तिला विठ्ठल दळू लागायचा अशी आपली श्रद्धा. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात याच जिल्ह्यातल्या ताडकळस गावचाही आवाज आहे. हात दळत असताना ही ओवी येते कुठून? मेंदूतून मन कसं घडतं, हा मोठा प्रश्न मला या वाटेनंच जवळचा वाटतो.

आधी हाताचं पाहू. नवी सून जात्यावर बसते तेव्हा तिचं सगळं लक्ष खुंट्यावर असतं. जोर किती लावायचा, घास कधी टाकायचा, हे सारं ठरवून करावं लागतं. सराव झाला की ते काम मुख्यतः डोक्याच्या मागच्या बाजूला असलेला लहान मेंदू, म्हणजे अनुमस्तिष्क, आणि मेंदूच्या गाभ्यातले चेतापेशींचे काही पुंजके सांभाळतात. मोकळं झालेलं मन मग भटकायला निघतं. 2007 साली अमेरिकेत मालिया मेसन आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं. सवयीचं काम करताना माणसांचं मन जास्त भरकटत होतं, आणि आपण स्वस्थ बसलेलो असताना मेंदूचे जे भाग जागे असतात, तेच तेव्हा जास्त काम करत होते. माहेर, भाऊ, पंढरीची वाट या ओवीतल्या गोष्टी त्याच मोकळ्या वेळातल्या.

मग मन म्हणजे पेशींची भरपूर संख्या, एवढंच का? ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हाउझेल यांनी 2009 मध्ये माणसाच्या मेंदूतल्या चेतापेशी मोजल्या. त्या सुमारे 8,600 कोटी भरल्या. त्यातल्या 6,900 कोटी एकट्या लहान मेंदूत! वरच्या सुरकुतलेल्या सालीच्या, म्हणजे बाह्यकाच्या, वाट्याला जेमतेम 1,600 कोटी. आणि 2014 मध्ये चीनमधल्या 24 वर्षांच्या एका बाईची हकिकत प्रसिद्ध झाली. चक्कर येते म्हणून ती दवाखान्यात गेली, तर तपासणीत तिला लहान मेंदूच नसल्याचं दिसलं. चालताना तिचा तोल जायचा, बोलणं जड होतं. पण ती डॉक्टरांशी बोलत होती, स्वतःचं दुखणं सांगत होती. मन शाबूत होतं.

मला यातून जे कळतं ते असं: मन पेशींच्या गर्दीत नाही, त्यांच्या एकमेकींकडे जाण्या-येण्यात आहे. लहान मेंदूची जोडणी बरीचशी एका दिशेची. निरोप आला, पुढे गेला. बाह्यकात आणि त्याखालच्या थॅलॅमस नावाच्या भागात निरोप जातो आणि उलटा परतही येतो, पुन्हा पुन्हा. इटलीच्या मार्चेल्लो मासिमिनी यांनी 2005 मध्ये जाग्या माणसाच्या मेंदूला बाहेरून चुंबकाचा हलका ठोका दिला, तर त्याचे पडसाद दूरदूरच्या भागांत उमटले. गाढ झोपेत तोच ठोका जागच्या जागी विरला. पेशी काही झोपेत मरत नाहीत. देवघेव तेवढी थांबते, आणि तिच्याबरोबर आपणही नाहीसे होतो. जात्याची वरची तळी वेगळी काढून पाहा, खालची पाहा, पीठ दोन्हींत सापडायचं नाही.

तरी एक गाठ सुटलेली नाही. या देवघेवीतून दुखणं, आठवणं, आतून जाणवणं का उपजावं? 1998 मध्ये मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांनी तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी पैज लावली होती, की 25 वर्षांत जाणिवेची मेंदूतली खूण स्पष्ट सापडेल. 2023 मध्ये कॉख यांनी हार मान्य केली आणि वाइन देऊन पैज चुकती केली.

त्या सकाळी भावाच्या ओवीवर आजीचा हात थांबला. साठ वर्षांच्या सवयीचा हात, त्याला कुणी थांब म्हटलं नव्हतं. तळीत दाणे अर्धे भरडलेले होते. तिचा भाऊ जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. पदरानं डोळे पुसून तिनं पुन्हा खुंटा धरला, आणि मी पेन खाली ठेवलं.