ताप आणि लंगडणं

मूल लंगडायला लागलं की आपण म्हणतो, 'पडला असेल कुठेतरी!' मग आजी तेल कोमट करून पाय चोळून देते. पण मैत्रिणींनो, सोबत ताप असेल, एकाच जागी दुखत असेल आणि मूल पाय टेकायलाच तयार नसेल, तर चोळू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हाडात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो.

जखम नसताना हाडात जंतू जातात कसे? रक्तातून. एखादी पुळी, साधं खरचटणं एवढंही पुरतं. बहुतेक वेळा हे जंतू 'स्टॅफिलोकॉकस ऑरियस' असतात. वाढत्या हाडांच्या टोकांजवळ, विशेषतः गुडघ्याच्या आसपास, रक्त संथ वाहतं. तिथे ते ठाण मांडतात. पू साठतो, दाब वाढतो आणि हाडाचा रक्तपुरवठा तुटू लागतो.

तान्ह्या बाळाला कधीकधी तापही नसतो. ते एक पाय हलवत नाही, लंगोट बदलताना कळवळून रडतं, एवढंच.

एक्स-रे चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका. पहिले ७ ते १० दिवस त्यात बहुधा काही दिसतच नाही. सीआरपी, ईएसआर, रक्ताचं कल्चर आणि एमआरआय यांवरून निदान होतं.

आधी शिरेतून, मग तोंडाने अँटिबायोटिक्स देतात, साधारण ३ ते ४ आठवडे, कधी जास्तही. पू साठला असेल तर ऑपरेशन करून काढावा लागतो. चार दिवसांत पोर धावायला लागलं, तरी औषध मध्येच सोडू नका. अर्धवट उपचारांनी दुखणं हाडात मुरतं.