किनारे झाले, आता घाट पाहा

2 नोव्हेंबरला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. 1834 साली याच दिवशी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून 36 हिंदी मजूर पोर्ट लुईला उतरले. यंदाही तिथे पुष्पचक्रे वाहिली जातील, भाषणे होतील आणि आपल्याकडे चार ओळींची बातमी येईल.

सुट्टीत तिकडे निघालेल्या मराठी कुटुंबांच्या कार्यक्रमपत्रिकेत मात्र सात रंगांची माती, गंगा तलावाचा 108 फुटी शंकर आणि पाण्यातले खेळ असतात. पोर्ट लुईच्या वाट्याला खरेदीचा अर्धा दिवस येतो. आप्रवासी घाट त्या बाजारापासून चालत जाण्याइतका जवळ, तरी तो पत्रिकेत नसतो.

ऊसमळ्यांसाठी 1834 ते 1920 या काळात जवळपास पाच लाख मजूर बेटावर आले. 1849 पासून त्यांची नोंदणी या घाटावर होऊ लागली. मुंबई बंदरातूनही जहाजे सुटत, त्यांत रत्नागिरीकडची माणसे असत. त्यांच्या वंशजांमुळे गणेशचतुर्थीला तिथे आजही सरकारी सुट्टी असते. 2006 मध्ये युनेस्कोने घाटाला जागतिक वारसा ठरवले. उरले आहे थोडेच: दगडी पायऱ्या, दवाखान्याचा काही भाग, काही खोल्या.

नैऋत्येचा ल मोर्न हा डोंगर 2008 पासून त्याच यादीत आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या कपारींत लपत. गुलामगिरी संपल्याचे सांगायला आलेले शिपाई पाहून, धरायलाच आले असे समजून अनेकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, असे तिथले लोक सांगतात. पर्यटकांच्या फोटोंत तो हॉटेलांमागचा देखावा एवढाच असतो, हे मला खटकते.

निसर्गाचा वारसा म्हणाल, तर डोडोच्या बाहुल्या विकत घेण्यापेक्षा कार्ल जोन्स या वेल्श शास्त्रज्ञाचे काम पाहा. 1974 मध्ये मॉरिशसच्या खरूची पक्ष्याची रानातली माहीत असलेली संख्या होती चार. काही वर्षांनी जोन्स तिथे आले, ते खरे तर संवर्धनाचा प्रकल्प गुंडाळायला. त्यांनी उलटेच केले. घरट्यातली अंडी काढून ती कृत्रिम उबेवर उबवली. घरटे रिकामे झाले की मादी पुन्हा अंडी घालते. पुढे शेकडो पक्षी रानात सोडले गेले.

माहेबूरजवळच्या ईल ओझेग्रेत या 26 हेक्टरांच्या बेटावर तर याहून उफराटा प्रयोग आहे. मॉरिशसची स्वतःची महाकासवे माणसांनी खाऊन संपवली. त्यांच्या जागी सेशेल्समधल्या अल्डाब्राची कासवे आणली. ती एबनीची फळे खातात, आणि त्यांच्या पोटातून गेलेले बी अधिक चांगले रुजते. परक्या कासवांनी इथले जंगल पुन्हा लावायला घेतले आहे! माझ्या मते सगळ्या मॉरिशसमध्ये पाहण्यासारखे याहून मोठे काही नाही.

तेव्हा पैसे भरण्याआधी सहल कंपनीला एवढे विचारा: घाट कधी, ल मोर्न कधी, कासवांचे बेट कधी? बेटावर वाटाड्याबरोबरच फिरता येते. घाट पाहायला पैसे पडत नाहीत.