पाण्याचे काम तेल करते तेव्हा

फोक्सवॅगनची जुनी बीटल बाळगणाऱ्यांना रस्त्यात हमखास ऐकावा लागणारा सल्ला म्हणजे, 'गाडी तापली असेल, रेडिएटरमध्ये पाणी घाला!' बीटलला रेडिएटरच नाही. इंजिन मागे, जिथे एरवी डिकी असते तिथे. ते गार ठेवायला एक पंखा, आणि पंख्याइतकेच महत्त्वाचे असे जेमतेम अडीच लिटर ऑइल. पुढे बॉनेट उघडावे तर आत सामान ठेवायची जागा!

मेक्सिकोतल्या पुएब्ला येथे 2003 साली शेवटची बीटल तयार झाली. तोवर 2 कोटी 15 लाखांहून अधिक गाड्या निघाल्या होत्या. आज ज्यांच्या घरी ती आहे त्यांच्यासाठी ती नुसती गाडी उरलेली नाही. वडिलांची किंवा आजोबांची आठवण असते. म्हणूनच ऑइल बदलायची वेळ आली की मालक दुकानात घुटमळतो. महागडे सिंथेटिक घ्यावे, की नेहमीचे साधे?

साधे ऑइल खनिज तेल शुद्ध करून मिळते, त्यात लहानमोठे रेणू मिसळलेले असतात. सिंथेटिक रासायनिक प्रक्रियेने घडवतात, त्यामुळे त्याचे रेणू बरेचसे एकसारखे. ते उष्णतेत लवकर करपत नाही आणि थंडीत पटकन वाहते. यात खोटे काही नाही. शिवाय पोर्श 911चा दाखला दिला जातो. तीही 1998 पर्यंत हवेवर थंड होणारी, आणि नव्वदच्या दशकात कारखान्यातूनच सिंथेटिक भरून येऊ लागलेली. बीटलची रचना मुळात फर्डिनांड पोर्श यांचीच. मग त्यांच्या घरचे ऑइल हिला का नको?

इथेच फसगत होते. 911मध्ये दहा लिटरच्या आसपास ऑइल खेळते, त्याला वेगळी टाकी आणि चांगला फिल्टर असतो. बीटलमध्ये फिल्टर म्हणून काय, तर चहाच्या गाळणीसारखी तारेची एक जाळी! मोठा कचरा ती अडवते. काजळी, धातूची बारीक भुकटी, थंड इंजिनातून झिरपलेले पेट्रोल हे सारे ऑइलबरोबर फिरतच राहते. सिंथेटिक पाच हजार किलोमीटरनंतरही दमलेले नसेल, पण मळलेले असतेच. ते टाकून द्यावेच लागते. दीर्घकाळ टिकण्यासाठी मोजलेले पैसे मग गटारात. (ऑइल खरोखरच गटारात ओतू नये, हे जाता जाता.)

त्यामुळे मूळ जाळीवरच चालणाऱ्या बीटलला चांगल्या प्रतीचे साधे 30 ग्रेडचे ऑइल आणि दर पाच हजार किलोमीटरला बदल, हेच माझ्या मते शहाणपणाचे. त्याच वेळी टॅपेटही तपासून घ्यावेत. तिसऱ्या सिलिंडरकडे विशेष लक्ष द्यावे, कारण सत्तरच्या दशकापूर्वीच्या इंजिनांत ऑइल कूलर नेमका त्याच्या वाऱ्याच्या वाटेत उभा असे आणि व्हॉल्व्ह जळायचे ते बहुधा तिथलेच. बाहेरून फिल्टर बसवून घेतला असेल तर मात्र सिंथेटिकचा विचार जरूर करावा.

गाडी तापते म्हणून जाड ऑइल भरणारे मिस्त्रीही भेटतात. बीटलमध्ये ऑइल फार घट्ट असले की दाब वाढतो, एक झडप उघडते आणि ऑइल कूलरला वळसा घालून परस्पर निघून जाते. म्हणजे उपायच उलटा.

डब्यावर 'सिंथेटिक' शोधण्यापेक्षा जस्ताचे प्रमाण विचारावे, हे अधिक मोलाचे. कॅमशाफ्ट आणि टॅपेट एकमेकांवर घासतात तिथे जस्त-फॉस्फरसचे संयुग ढाल होते. फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बिघडवतो, म्हणून आजच्या गाड्यांच्या ऑइलमध्ये ते संयुग कमी केले आहे. बीटलला ते हवे असते. जुन्या गाड्यांसाठी मिळणाऱ्या ऑइलमध्ये ते पुरेसे असते.

आता गळतीचे. सिंथेटिकने सील कुजतात ही समजूत जुनी झाली. पण कडक झालेल्या सीलमधून पातळ ऑइल लवकर वाट काढते, एवढे खरे.

बदल करताना इंजिन कोमट असावे. खालच्या प्लेटचे सहा नट सोडवून जाळी काढावी, पेट्रोलने धुवावी आणि बोटाने चाचपून धातूचा चुरा लागतो का पाहावे. नट घट्ट आवळण्याचा हट्ट करू नये, आटे जातात. तांब्याचे सहाही वॉशर नवे घालावेत. जुनेच वापरले तर दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर काळा डाग दिसण्याची शक्यता फार.