तेविसावे मूळ सोपे, गुणाकार अवघड

अमेरिकेतल्या डॅलस शहरी, सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठात १९७७ साली शकुंतलादेवींपुढे २०१ अंकी संख्या मांडली गेली. तिचे तेविसावे मूळ हवे होते. ५० सेकंदांत उत्तर आले : ५४६३७२८९१. बेंगळुरूत १९२९ साली जन्मलेल्या, सर्कशीत काम करणाऱ्या वडिलांची ही मुलगी ‘मानवी संगणक’ म्हणून जगभर गाजली, त्यात या प्रसंगाचा वाटा मोठा.

खरे तर मुळांची धास्ती जरा जास्तच घेतली जाते. मूळ पूर्णांकी आहे हे आधीच ठाऊक असले, की निम्मा डाव हाती येतो. संख्या २०१ अंकी म्हटल्यावर तिचे तेविसावे मूळ नऊ अंकीच असणार, तेही ४९ कोटी ते ५५ कोटींच्या दरम्यान. आणि संख्येच्या शेवटी १ असेल, तर मुळाच्याही शेवटी १. राहतात मधले अंक. खरी मेहनत तिथेच.

घनमुळात ही गंमत कुणालाही अनुभवता येते. मानसशास्त्रज्ञ आर्थर जेन्सन यांनी १९८८ मध्ये शकुंतलादेवींना ६,१६,२९,८७५ चे घनमूळ विचारले होते. शेवटचा अंक ५, म्हणून मुळाचाही ५. चारशेचा घन ६ कोटी ४० लाख. म्हणजे मूळ चारशेच्या किंचित खाली. उत्तर ३९५! जेन्सन यांनी ते वहीत टिपण्याआधीच त्या सांगून मोकळ्या झाल्या.

गुणाकारात असल्या पळवाटा नसतात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात १८ जून १९८० रोजी त्यांना दिलेल्या दोन संख्या होत्या ७६८६३६९७७४८७० आणि २४६५०९९७४५७७९. शाळेतल्या रीतीने गेले तर १६९ एकअंकी गुणाकार, शिवाय हातचे सांभाळायचे. त्यांना लागले २८ सेकंद, उत्तर २६ अंकी : १८९४७६६८१७७९९५४२६४६२७७३७३०. नऊचा ताळा हवा तर करून पाहावा : अंकांच्या बेरजा एकअंकी होईपर्यंत करत गेले, की पहिल्या संख्येचे ६, दुसरीचे २, त्यांच्या गुणाकाराचे १२, म्हणजे ३, उत्तराचेही ३. ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबरच असे नव्हे. अंकांची अदलाबदल त्यातून निसटते. पण डॅलसपेक्षा लंडनचा पराक्रम मोठा, यात शंका नको.

जेन्सन यांनी त्यांच्या साध्या प्रतिक्रियावेगाच्या चाचण्याही घेतल्या. दिवा लागताच बटण दाबण्यासारख्या या कामांत शकुंतलादेवींचा वेग चारचौघांसारखाच भरला. हे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले.