एकाचा नकार, सव्वीस जणांचा होकार

ब्रुसेल्स, 14 डिसेंबर 2023. युरोपीय संघाच्या 27 देशांचे नेते बैठकीला बसले होते. युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करायची की नाही, हा प्रश्न होता. हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टर ऑर्बान यांचा कडवा विरोध आणि अशा निर्णयाला तर एकमत हवं. अखेर निर्णयाच्या वेळी ऑर्बान दालनाबाहेर गेले, म्हणजे त्यांनी नकार नोंदवला नाही, आणि उरलेल्या 26 जणांनी होकार दिला. त्याच रात्री युक्रेनसाठीची 50 अब्ज युरोंची मदत मात्र ऑर्बान यांनी अडवली. ती मंजूर व्हायला 1 फेब्रुवारी उजाडला.

एक कोटीहून कमी वस्तीच्या देशाने सुमारे 45 कोटींच्या संघाला असं रोखून धरावं का? आणि रोखू द्यायचं नसेल, तर त्या देशाचं सार्वभौमत्व उरलं कुठे?

विजेच्या बिलाचा खटला

या संघाचा पाया घातला गेला तो युद्धाच्या भीतीतून. तोफांना लागणारा कोळसा आणि पोलाद फ्रान्स व जर्मनीने एकत्रित देखरेखीखाली आणावं, असा प्रस्ताव फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान यांनी 1950 मध्ये मांडला. पुढच्याच वर्षी सहा देशांनी करार केला. आपल्या अधिकाराचा काही भाग देशांनी राजीखुशीने सामायिक संस्थांकडे सोपवला.

पण करार आणि देशाचा कायदा यांत विरोध आला तर? मिलानचे वकील फ्लामिनिओ कोस्ता यांनी इटलीतल्या वीज राष्ट्रीयीकरणाच्या निषेधार्थ जेमतेम 1,925 लिराचं बिल भरायला नकार दिला. हे राष्ट्रीयीकरण याच सहा देशांनी नंतर केलेल्या रोमच्या करारात बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. प्रकरण लक्झेंबर्गमधल्या युरोपीय न्यायालयात गेलं. 1964 मध्ये निकाल आला: करारावर सही केल्यानंतर एखाद्या देशाला पुढे वेगळा कायदा करून त्यातून अंग काढून घेता येणार नाही. युरोपीय कायद्याचं श्रेष्ठत्व इथे प्रस्थापित झालं.

मोठे आणि लहान

आज बहुतेक कायद्यांना विशेष बहुमत पुरतं. किमान 55 टक्के देश, म्हणजे 27 पैकी 15, बाजूने हवेत आणि त्यांची लोकसंख्या संघाच्या 65 टक्के तरी भरायला हवी. त्यामुळे मोजक्या मोठ्या देशांना बाकीच्यांवर दादागिरी करता येत नाही आणि छोट्यांनाही एकजूट करून मोठ्यांना वाकवता येत नाही. परराष्ट्र धोरण, कर आणि नव्या सदस्यांचा प्रवेश यांना मात्र अजूनही एकमत लागतं.

काही वेळा लोकांनी थेट नकार दिला आहे. 1992 मध्ये डेन्मार्कच्या मतदारांनी युरोपीय संघ स्थापन करणारा मास्ट्रिख्ट करार फेटाळला. संघाने त्यांना सामायिक चलन, संरक्षण अशा विषयांतून सूट दिली आणि 1993 मध्ये त्याच मतदारांनी करार स्वीकारला. ब्रिटनने 2016 च्या सार्वमतानंतर 2020 मध्ये संघच सोडला. त्याची झळ गोव्यापर्यंत पोचली. पोर्तुगीज पासपोर्ट काढून कामासाठी ब्रिटनला जाण्याची गोवेकरांची वाट त्यानंतर बंद झाली.

मला डेन्मार्कचा मार्ग योग्य वाटतो. स्वतःपुरतं बाहेर राहण्याचा हक्क प्रत्येक देशाला असावा, पण इतरांची वाट अडवण्याचा नसावा. रशियाने युक्रेनवर केलेल्या आक्रमणानंतर, जून 2022 मध्ये, संरक्षणातली आपली सूट डॅनिश मतदारांनी सार्वमताने स्वतःच सोडली. कुणी जबरदस्ती केली असती, तर हे घडलं नसतं.

सगळ्याच प्रश्नांत बाजूला राहता येत नाही, हेही खरं. नवा देश आला की तो सगळ्यांचाच भागीदार होतो. म्हणून अंतिम प्रवेशाला एकमत राहू द्यावं. पण बोलणी सुरू करणं, पुढच्या टप्प्याला जाणं यांसाठी विशेष बहुमत पुरेसं मानायला हवं. शेवटचा शब्द प्रत्येक देशाकडे राहील आणि रोजचा कारभार कुणा एकाच्या मर्जीवर अडून बसणार नाही.