तोंडं अनेक, खिळा एक

दिवाळीच्या तोंडावर गल्लीत कल्हईवाला बसायचा, तेव्हा पोरांचा घोळका भट्टीभोवती जमायचा तो कथलाची चकाकी बघायला. खरं कसब मात्र त्याच्या सांडशीत असे. पातेल्याचा काठ तिच्या जबड्यात धरून तो ते आचेवर सारखं फिरवत राही. नवसागराची चिमूट पडली की पांढरा धूर उठायचा, कथलाची कांडी टेकली की ती वितळून तळाशी धावायची, आणि कापसाच्या बोळ्यानं ती पसरवताना भांडं कितीही कलंडलं तरी सांडशीतून तसूभर निसटत नसे. दोन लोखंडी दांडे आणि त्यांना जोडणारा एक खिळा, एवढंच ते हत्यार.

पक्कड म्हणजेही तेवढंच. दोन तरफा एकमेकींवर आडव्या टाकायच्या आणि जिथे त्या छेदतात तिथे खिळा ठोकायचा. दांडे लांब आणि जबडा आखूड, म्हणून हाताचा जोर वाढतो. खिळ्यापासून १२ सेंटीमीटरवर मूठ असेल आणि जबड्याचं टोक ४ सेंटीमीटरवर, तर टोकाशी धरलेल्या तारेवर जोर साधारण तिप्पट पडतो. तीच तार खिळ्यालगत, १ सेंटीमीटरवर धरली तर बारा पट. तार कापायची धार खिळ्याजवळ का असते, याचं उत्तर या हिशेबात आहे. टोकाशी तार घालून दोन्ही हातांनी दाबत बसणारा माणूस ताकदीत कमी पडत नसतो, त्यानं जागा चुकीची निवडलेली असते.

आपल्याकडे या जोडणीची नोंद फार जुनी आहे, आणि ती लोहाराच्या नव्हे तर शल्यवैद्याच्या ग्रंथात आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय यंत्रांचा. तिथे १०१ यंत्रं सांगितली आहेत आणि त्यांत सगळ्यात मुख्य यंत्र म्हणजे हात, असं म्हटलं आहे. त्यांपैकी २४ स्वस्तिक यंत्रं म्हणजे आजच्या पकडीसारखीच. लांबी १८ अंगुळं, दोन भाग मसुराच्या दाण्यासारख्या डोक्याच्या खिळ्यानं जोडलेले, आणि तोंडं सिंह, वाघ, अस्वल, कावळा, घुबड अशा पशुपक्ष्यांची. हाडात रुतलेलं शल्य उपटायला ती वापरत. या सगळ्यांत श्रेष्ठ ठरवलं आहे ते कंकमुख, म्हणजे बगळ्याच्या जातीच्या पक्ष्याच्या चोचीचं. कारण ते सहज आत शिरतं, पक्कं धरतं आणि सहज बाहेर येतं. आज इलेक्ट्रिशियनच्या पिशवीत निमुळत्या चोचीचा नोज प्लायर असतो, त्याची यापेक्षा नेमकी परीक्षा कुणी सांगितलेली नाही.

त्याच अध्यायात ‘संदंश’ नावाची दोन यंत्रं आहेत. हा शब्द झिजत झिजत मराठीत सांडस आणि सांडशी झाला. कुठल्याशा घरात चहाचं पातेलं सांडशीनं उतरवतात, कुठे पकडीनं, कुठे गावीनं. शब्द बदलतो, चहा सांडण्याचं कारण सगळीकडे एकच असतं. खिळा ढिला झालेला असतो.

कारखान्यात बनणाऱ्या पकडींची एक गोष्ट १८५७ सालच्या शिकागोतली आहे. मथायस क्लाइन हा जर्मनीहून आलेला लोहार. तारखात्याचा एक लाइनमन तुटलेली पक्कड घेऊन त्याच्याकडे आला. एकच बाजू मोडली होती. क्लाइननं ती नव्यानं घडवली आणि जुन्या बाजूला खिळ्यानं जोडून दिली. काही दिवसांनी तोच लाइनमन परत आला. आता जुनी बाजूही मोडली होती. क्लाइननं तीही घडवली, आणि अशा रीतीनं त्याची पहिली अख्खी पक्कड तयार झाली. लाइनमनसाठी हत्यारं करणारी ती कंपनी आजही चालू आहे.

त्या लाइनमनच्या पकडीचं आपल्याकडचं भावंड म्हणजे आठ इंची कॉम्बिनेशन प्लायर. दुकानात ‘पक्कड द्या’ म्हटलं की समोर येते ती हीच. ती हातात घेऊन नीट पाहावी. टोकाशी सपाट, चरे पाडलेला जबडा, पत्रा आणि तार धरायला. त्यामागे दातेरी गोल खोबण, नळी किंवा गोल कांब धरायला. त्यामागे कापायची धार. कित्येकींना खिळ्याच्या बाहेरच्या अंगाला आणखी एक खाच असते, जाड तारेसाठी. पुष्कळांनी ती आयुष्यात कधी वापरलेलीच नसते. चार कामं एका मुठीत येतात, पण चारांतलं एकही काम ती अव्वल दर्जाचं करत नाही. म्हणून तर बाकीच्या जाती जन्मल्या.

सुताराच्या जंबुराचं तोंड गोल वाकलेलं, खिळ्याचं डोकं धरून फळीवर टेकवत उपटायला सोयीचं. सर्क्लिप, म्हणजे खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी, काढा-घालायचे प्लायर दोन तऱ्हेचे, एक दाबल्यावर मिटतो आणि दुसरा दाबल्यावर उघडतो. सोनाराच्या गोल तोंडाच्या पकडीची दोन्ही टोकं शंकूसारखी निमुळती. नथीची तार तिच्या टोकाशी धरून मनगट फिरवलं तर बारीक कडी पडते, मुळाशी धरली तर मोठी. जबड्याला चरे नसतात, कारण सोन्यावर एक ओरखडा उठला तरी काम वाया. अशा नाजूक कामाच्या चांगल्या पकडींत एक बाजू दुसरीच्या पोटातून आरपार गेलेली असते, त्यामुळे जबडा डावी-उजवीकडे डुगडुगत नाही.

प्लंबरची गोष्ट वेगळी. त्याच्यासमोर नळी कधी अर्ध्या इंचाची, कधी दोन इंचांची. जबडा सरकता हवा, पण दाब देताना सरकायला नको. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मीडव्हिलच्या कारखान्यात १९३३ च्या सुमारास यावर उपाय निघाला: एका बाजूवर वक्र खोबणी, दुसरीवर त्यांत बसणारे उंचवटे. चॅनेललॉक हे नाव त्या खोबणीवरूनच आलं. आपले मिस्त्री याच घराण्याला वॉटर पंप प्लायर म्हणतात.

दाबून धरता धरता हात भरून येतो, त्याचं काय? डेन्मार्कहून अमेरिकेत आलेला लोहार विल्यम पीटरसन यानं नेब्रास्कातल्या डीविट या छोट्या गावात त्यावर डोकं चालवलं. मुठीत एक जादा दुवा आणि मागे एक स्क्रू घालून त्यानं १९२४ मध्ये अशी पक्कड केली, की एकदा दाबली की ती स्वतःच धरून बसते. सुरुवातीला तो आपल्या गाडीतून हिंडून ती विकत असे. वाइस ग्रिप या नावानं ती जगभर गेली आणि वेल्डरला जणू तिसरा हात मिळाला. गावाला पोसणारा डीविटचा कारखाना २००८ मध्ये बंद पडला, ही त्या गोष्टीची दुखरी बाजू.

महाराष्ट्राचा दुवा नाशिकला आहे. स्वीडिश तांत्रिक सहकार्यानं टपारिया टूल्सनं १९६९ पासून हातहत्यारं बनवायला सुरुवात केली. सातपूरमध्ये कारखाना, पुढे गोव्यातही. पकडीचा जन्म होतो तो असा: पोलादाची कांब लालभडक तापवून साच्यात हाणतात, कडेचं जादा पोलाद छाटतात, दोन भागांना भोक पाडून खिळ्यानं जोडतात, मग फक्त धारेचा भाग पुन्हा तापवून कडक करतात. सगळी पक्कड धारेइतकी कडक केली तर ती ठिसूळ होऊन मोडेल. धार मात्र तारेपेक्षा कडक हवीच. स्प्रिंगची तार साध्या पकडीनं कापायला गेलं की धारेवर चंद्रकोरीसारखा खड्डा पडतो, तो कायमचाच.

एक गोष्ट आग्रहानं सांगायला हवी. मुठीवरचं रंगीत प्लास्टिक म्हणजे विजेपासून संरक्षण नव्हे. चालू लाइनवर वापरायच्या पकडीवर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्टचा आकडा असतो. ती खूण नसेल तर ते प्लास्टिक फक्त पकड चांगली बसावी म्हणून आहे. खूण असूनही आवरणाला चीर गेली असेल तर ती पक्कड विजेच्या कामातून बाद.

नवी पक्कड पारखायची जुनी रीत सोपी आहे. मिटून उजेडासमोर धरायची. धारेच्या फटीतून उजेड दिसला तर परत द्यायची. मग कागदाचा कपटा कापून बघायचा, आणि शेवटी एक मूठ धरून दुसरी सोडून द्यायची. ती अडखळता कामा नये, लटपटताही कामा नये.

खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये हत्यारं पुसून पाटावर मांडतात. हळदकुंकू वाहण्याआधी जुना मिस्त्री प्रत्येक पक्कड उचलतो, खिळ्यावर तेलाचा थेंब सोडतो, दहा-बारा वेळा उघडमिट करतो आणि बाहेर आलेलं काळं तेल फडक्यानं टिपून घेतो.